शून्य रुपयांचं तिकीट

ज्येष्ठ नागरिकांच्या १४५६७ या हेल्पलाइनवर सकाळी आठ ते रात्री आठ फोन घेतात. बरेचसे फोन साधे असतात. पेन्शन अडकलीय, हयातीचा दाखला कुठे द्यायचा, किंवा कुणाशी तरी नुसतं बोलायचंय. फोनवर मिटत नाही ते प्रकरण आमच्यासारख्या जागेवर जाणाऱ्यांकडे येतं. त्या दुपारी निरोप आला की स्वारगेट स्टँडबाहेर एक आजी केव्हापासून बसून आहेत, नाव सांगतात पण घर कुठे ते सांगता येत नाही.

फोन एका फूलवालीने केला होता. आजींना आपलं स्टूल देऊन ती स्वतः पोतं टाकून खाली बसली होती. "गळ्यातली बोरमाळ पोलक्यात घालायला लावली मॅडम. गर्दीची जागा, काय सांगावं!" भोवती जमलेल्यांनी तोवर निकालही लावून टाकला होता: "सुनेनं आणून सोडली असणार." एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता. ते आधी बंद करायला लावलं.

ही घाई मला सोसत नाही. म्हाताऱ्यांना टाकून देणारे आहेत, नाही असं नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण टाकायला आणलेल्या म्हातारीच्या गळ्यात कुणी सोनं ठेवत नाही.

आजींना पाणी दिलं, चहा दिला. साखर तपासली, ती ठीक होती. नाव विचारलं की लगेच सांगायच्या. गाव विचारलं की, "आमचंच गाव की!" मुलगा काय करतो? "शाळंत जातोय." मग स्मरणाचं काय झालंय त्याचा अंदाज आला. पोलिसांत नोंद झाल्याशिवाय रात्रीच्या निवाऱ्यात घेत नाहीत, म्हणून चौकीकडे निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात चहाचे पैसे द्यायला आजींनी पदराची गाठ सोडली. "फुकटचा च्या न्हाई प्यायची म्या." गाठीत दोन नाणी, सुपारीचं खांड आणि चौघडी घातलेलं एसटीचं तिकीट. टेंभुर्णी ते स्वारगेट, त्याच सकाळचं, रक्कम शून्य.

पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून राज्यात एसटी मोफत आहे. पैसे घ्यायचे नसले तरी वाहक शून्य रकमेचं तिकीट फाडून देतो, आणि त्या वेळी आधार बघतो. म्हणजे आजींचं आधार त्याने पाहिलेलं असणार. तिकिटावर वाहकाचा क्रमांक होता. स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकांना दाखवला, त्यांनी दोन ठिकाणी फोन फिरवले आणि वाहक सापडला. "हो हो, कापडी पिशवी माझ्याकडंच आहे, सीटवर राहिली होती. एक ताई बसवायला आल्या होत्या. हडपसरला भाऊ उतरवून घेईल म्हणाल्या. हडपसर आल्यावर मी दोनदा ओरडलो, पण कोण उठलंच नाही."

पिशवीत आधारची झेरॉक्स होती, तिच्या पाठीमागे पेनाने लिहिलेला एक नंबर.

मुलगा अर्ध्या तासात रिक्षाने आला. हडपसरला ताटकळला, मग स्वारगेट पालथं घातलं, पण सगळं आतल्या फलाटांवर. एका चौकीत त्याला "चोवीस तास थांबा" म्हणून परत पाठवलं होतं. असा कुठलाही नियम नाही. माणूस हरवल्याची तक्रार लगेच देता येते. हे मी किती जणांना सांगत असते! आजींनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जेवलास का रं?" तो तिथेच मटकन बसला. फूलवालीने मात्र त्याला चांगलं फैलावर घेतलं.

खरी गोष्ट त्यानंतर कळली. आजी पाळीने राहतात: दोन महिने टेंभुर्णीजवळ लेकीकडे, दोन महिने हडपसरला मुलाकडे. बहीण-भावाने गोडीगुलाबीने ठरवलेलं. मोफत प्रवास झाल्यापासून सोबत जाणंही सुटलं, एकाने बसवायचं, दुसऱ्याने उतरवायचं. दोघांचंही हातावरचं पोट, एक खाडा म्हणजे दिवसाचा पगार गेला. त्यांना बोल लावायला माझी जीभ रेटेना. पण ज्या बाईला संडास कुठे आहे हे रोज नव्याने शोधावं लागतं, तिचं घर दर दोन महिन्यांनी बदलायचं म्हणजे काय, हे सांगणंही भाग होतं.

सांगितलं. विस्मरणाच्या तपासणीसाठी ससूनमध्ये कुठल्या विभागात जायचं ते लिहून दिलं, नाव-नंबराचं कापड ब्लाउजला आतून टाचायला सांगितलं. "आणि एकाच घरी ठेवा," म्हटलं. त्याने स्पीकरवर बहिणीला फोन लावला. तिकडून आधी रडणं, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग: "एकाच म्हणजे कुणाच्या, मॅडम?"

पुढच्या आठवड्यात दोघांना समोरासमोर बसवणार आहे. बहिणीने यायचं कबूल केलंय, वहिनीचं अजून नक्की नाही.