ट्रोम्सोचा हिवाळा: थंडीपेक्षा ओल्या बर्फाची तयारी ठेवा

जानेवारीच्या अखेरीस आम्ही दोघे पाच दिवस नॉर्वेतील ट्रोम्सो येथे राहून आलो. आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला असलेल्या या गावात हाडे गोठवणारी कोरडी थंडी असणार, अशी समजूत करून घेऊन आम्ही बॅगा भरल्या होत्या. प्रत्यक्षात पहिल्या संध्याकाळी विमानतळाबाहेर पडलो तेव्हा चक्क पाऊस पडत होता.

याचे कारण समुद्रात आहे. अटलांटिकमधून येणारा उष्ण प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे वाहत जातो, त्यामुळे येथील बंदर हिवाळ्यातही गोठत नाही आणि जानेवारीचे सरासरी तापमान उणे 4 अंशांच्या आसपास राहते. याउलट, उत्तर नॉर्वेतच पण किनाऱ्यापासून दूर असलेल्या काराशोक येथे 1886 साली उणे 51.4 अंश इतके तापमान नोंदले गेले आहे. शाळेच्या भूगोलात मुंबईचे सम आणि नागपूरचे विषम हवामान आपण शिकतो. तोच नियम येथे किती टोकाला जातो, हे पाहून मी खरोखर थक्क झालो.

मात्र तापमान शून्याच्या वर-खाली होत राहते, हीच येथील खरी अडचण आहे. दिवसा पावसाने वितळलेला बर्फ रात्री पुन्हा गोठतो आणि पदपथावर काचेसारखा थर तयार होतो. त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असला की पाय ठरतच नाही. दुसऱ्या दिवशी बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर पत्नी घसरून पडली. सुदैवाने मनगट मुरगळण्यावर निभावले, परंतु त्यानंतर लगेच आम्ही बुटांवर चढवायचे लोखंडी टोके असलेले रबरी पट्टे विकत घेतले. स्थानिक लोक त्यांना ‘ब्रॉडर’ म्हणतात, आणि तेथील वयस्कर माणसेही ते सर्रास वापरतात. पोहोचल्यावर पहिली खरेदी हीच करावी, आणि दुकानात शिरताना ते काढून हातात घ्यावेत, कारण गुळगुळीत फरशीवर तेच पट्टे घसरतात.

कपड्यांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: पिसांचे जाडजूड जाकीट भिजले की निरुपयोगी ठरते. त्याऐवजी अंगालगत लोकरीचे कपडे, त्यावर स्वेटर आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जाकीट, असे थर घालावेत. छत्री नेऊ नये. वाऱ्यापुढे ती टिकत नाही. जोराचा वारा असेल तर गावाजवळच्या डोंगरावर 421 मीटर उंचीवर असलेल्या स्टोरस्टाइनेन या ठिकाणी जाणारी केबल कारही बंद ठेवतात, म्हणून तो बेत शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नये.

उत्तरप्रकाश, म्हणजे ध्रुवीय भागात रात्री आकाशात दिसणारे रंगीत प्रकाशाचे पट्टे (नॉर्दर्न लाइट्स), पाहण्यासाठी येणाऱ्यांनी थंडीपेक्षा ढगांचा विचार करावा. आमच्या पहिल्या तीन रात्री आभाळ झाकलेलेच होते. चौथ्या रात्री वाटाड्याने गाडी स्किबोटनच्या खोऱ्याकडे नेली. लिंगेनच्या डोंगररांगा समुद्रावरून येणारी वाफ अडवतात आणि त्यांच्या पलीकडचा हा भाग आपल्या माणदेशासारखा पर्जन्यछायेत येतो. वाटेत गाडीतील तापमापक उणे 1 वरून उणे 16 वर उतरला आणि त्याच सुमारास चांदण्या दिसू लागल्या. थोड्याच वेळात डोंगरामागून हिरवट पट्टा वर सरकला, आणि आम्ही कितीतरी वेळ न बोलता उभे होतो. निघताना नेलेले सगळे जाड कपडे त्या एकाच रात्री उपयोगी पडले. अशा सहलीसाठी किमान चार रात्री हाताशी ठेवाव्यात आणि नॉर्वेच्या हवामान संस्थेचा ढगांचा अंदाज पाहून त्याच दिवशी दुपारी आरक्षण करावे.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत येथे सूर्य उगवतच नाही. 21 जानेवारीला गावकरी त्याच्या पुनरागमनाचा दिवस गोड बन खाऊन साजरा करतात. ज्यांना उजेडही हवा आणि उत्तरप्रकाशही, त्यांनी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चमध्ये जावे. बर्फ तेव्हाही भरपूर असतो; 1997 मध्ये तर एप्रिलच्या शेवटी गावात 240 सेंटिमीटर बर्फ साचला होता.