मृगाच्या आत लेप्टो: आमच्या दुकानाची वाटचाल

आमचं दुकान मूळचं गाई-म्हशींचं. वडिलांनी बेळगावच्या शहापुरात सरकी पेंड, भुसा आणि जंताची औषधं विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक येळ्ळूर, धामणे, अनगोळकडचं. कुत्र्यासाठी कोण आलंच तर खरजेच्या मलमापुरतं. मी डी.फार्म. करून गल्ल्यावर बसलो तोवर टिळकवाडीत, हनुमाननगरात घरोघरी लॅब्रेडॉर आणि पग आले होते. कॅम्पात बदली होऊन येणारी मिलिटरीची कुटुंबं तर कुत्रं सोबत घेऊनच यायची. मग शेजारचा गाळा रिकामा झाल्यावर तिथं जनावरांच्या डॉक्टरांना बसवलं. दुकान माझं, दवाखाना त्यांचा, फ्रीज दोघांचा.

सुरुवातीला वाटलं, पोत्यातलं खाणं, पट्टे, खेळणी यावर धंदा चालेल. मोबाइलवर तेच पोतं स्वस्तात घरपोच मिळायला लागलं आणि तो हिशेब आटोपला. मोबाइलवरून न मिळणारी गोष्ट एकच होती: वेळेवरची आठवण. आज आमच्या दुकानाचा खरा माल म्हणजे गल्ल्याखालची लाल वही. त्यात कुत्र्याचं नाव, वजन, शेवटची लस आणि मालकाचा नंबर.

तारखा मात्र लोकांच्या लक्षात राहत नाहीत. 'तीन महिन्यांनी जंताची गोळी' असं सांगितलं की माणूस मान हलवतो आणि वर्षानं उगवतो. म्हणून आम्ही कार्डावर सणच छापले. मोठ्या कुत्र्याला जंताची गोळी संक्रांत, गुढीपाडवा, आषाढी आणि दसऱ्याला. अंतर काटेकोर बसत नाही, पण साधारण तीन महिने पडतातच. पिल्लांचं वेगळं, त्यांना दर पंधरा दिवसांनी, नंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. कार्ड मराठीत आणि कन्नडमध्ये आहे. घरात कोण काय वाचतं ते घरच्यांनी बघावं.

कार्डावर सगळ्यात ठळक ओळ 'मृगाच्या आत लेप्टो' ही, म्हणजे जूनमध्ये मृग लागायच्या आत लेप्टोस्पायरोसिस या जंतूच्या आजाराची लस. बेळगाव-खानापूरचा पाऊस एकदा लागला की गटारं तुंबतात, घुशी घरात शिरतात आणि त्यांच्या लघवीतून तो जंतू साचल्या पाण्यात येतो. कुत्र्याची किडनी, लिव्हर धरतो, आणि कुत्र्यावरून माणसालाही होऊ शकतो. लस पहिल्यांदाच घेत असाल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, म्हणून गाडी मे महिन्यातच सुटायला हवी. जूनच्या मध्यावर येऊन 'आज एकदम करून टाका की' म्हणणाऱ्यांना डॉक्टर लस देतात, पण चिखलात सोडू नका असंही बजावतात.

लस टिकवणं हीच मोठी उस्तवार. दोन ते आठ अंश. गोठली तरी बाद, तापली तरी बाद. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून दुकानात पंख्याआधी फ्रीजला इन्व्हर्टर लावला. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटरचा आकडा वहीत जातो. एकदा पार्सलचा डबा आला तो आत बर्फाचं नुसतं पाणी. अख्खा डबा परत पाठवला. पुरवठादार आठवडाभर फोनवर कुरकुरत होता, पण रेबीजच्या लशीत सवलत कसली देणार?

गोचिडांवर बोलायला लागलो की मात्र मी थांबत नाही. उन्हाळा आणि पावसाची उघडीप हे त्यांचे दिवस. अंगावर चार दिसतात तेव्हा बाकीच्या भिंतीच्या भेगांत, खाटेखाली, चपलांच्या रॅकमागं असतात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली उतरते आणि हजारो अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्रं धुऊन उपयोग नाही, घरही धुवावं लागतं. त्यात आपल्याकडचे घरगुती उपाय! निपाणीकडची मंडळी तंबाखूचं पाणी लावतात, भाजीपाल्याचे शेतकरी पिकावर मारायचं औषधच पंपानं मारतात. मग लाळ गाळत, थरथरत कुत्रं दवाखान्यात येतं. गोचीड मेली, कुत्रं जाता जाता राहिलं. आता महिनाभर किंवा तीन महिने चालणाऱ्या चघळायच्या गोळ्या मिळतात. महाग आहेत, वजन करून घ्याव्या लागतात, आणि फिट येणाऱ्या कुत्र्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही देत नाही.

ज्यांना परवडत नाही त्यांना निदान एक गोष्ट काउंटरवरच शिकवतो. कुत्र्याचा वरचा ओठ बोटानं उचला. हिरडी गुलाबी हवी. पांढुरकी दिसली, त्यात ताप, खाणं सोडलेलं, लघवी कॉफीसारखी किंवा नाकातून रक्त, तर गोचीड ताप धरा आणि त्याच दिवशी रक्त तपासा. खानापूर भागातल्या एका मावशींनी हे ऐकलं आणि दर रविवारी रानराखणीच्या कुत्र्याचा ओठ उचलून बघायला लागल्या. एके दिवशी पहिल्या बसनं त्याला घेऊन आल्या. औषध वेळेत सुरू झालं.

मुधोळ इथनं फार लांब नाही. गोकाककडून कारवान कुत्री येतात, जिच्यावर २००५ साली टपाल तिकीट निघालं ती मुधोळ हाऊंड. नवे मालक बरगड्या मोजत 'खातच नाही हो' म्हणतात. त्या जातीच्या बरगड्या दिसायच्याच, तूप पाजू नका. उलट शहरातल्या लॅब्रेडॉरला दिवाळीत कुंदा चारतात आणि पाडव्याला उलट्या-जुलाबाची रांग लागते. कांदाभजी, चॉकलेट, मनुका हेही नकोच. आणि घरातली तापाची-दुखण्याची गोळी तर अजिबात नाही.

गेल्या थंडीपासून सात वर्षांवरच्या कुत्र्यांसाठी वर्षातून एकदा रक्त आणि किडनीची तपासणी सुरू केली आहे. प्रतिसाद बेताचाच. चांगलं खाणाऱ्या-खेळणाऱ्या कुत्र्याची तपासणी कशाला, हा प्रश्न रोजचा. मादीचं ऑपरेशन वेळेत करा, नाहीतर उतारवयात गर्भाशयात पू होतो, हे पटायलाही वर्षं गेली. आता त्यासाठी लोक आपणहून नाव घालतात, त्यामुळे तपासणीचंही होईल. तोवर वहीत नवा रकाना पाडून ठेवला आहे.