पेवातून बाहेर आल्यावर

पुतण्या उमरग्याला अकरावीत आहे. १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या वक्तृत्व स्पर्धेत त्याला विषय मिळालाय : परक्या देशातल्या यादवीत बलाढ्य देशानं सैन्य घालावं का? त्याच्या भाषणाचं पहिलंच वाक्य होतं, "नाही, कदापि नाही!" मी म्हटलं, बाळा, तुझ्या पणजीला हे पटलं नसतं.

आजी नळदुर्गाजवळच्या खेड्यातली. तेव्हा तो भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारीत, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या धुमाकुळात, तिला आणि तिच्या दोन बहिणींना रिकाम्या पेवात, धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, लपवलं होतं. पेव उघडलं की आधी आत कंदील सोडतात. तो विझला तर खाली उतरायचं नाही, हवा कोंदलेली असते. कंदील फडफडला, पण विझला नाही, म्हणून पोरी उतरवल्या. जुन्या ज्वारीचा कुबट वास, डोक्यावर शिळा, श्वासापुरती फट. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारताची फौज आली आणि नळदुर्गचा पूल पहिल्याच दिवशी हाती आला. "मिल्ट्री आली म्हणून वाचलो गं माय," आजी म्हणायची.

हैदराबाद काही परका देश नव्हे, ती आपलीच माणसं होती, हे मला मान्य आहे. पण आत कोंडलेल्याला बाहेरून कुणी येणं म्हणजे काय, ते मला तिथूनच कळलं.

आणि पुढचंही तिथूनच कळलं. आजी घरी आली तेव्हा गल्लीतल्या मुसलमान पिंजाऱ्याच्या घराला दार नव्हतं. पिंजण भिंतीला तसंच टांगलेलं. तो आणि त्याचा थोरला लेक पुन्हा कुणाला दिसले नाहीत. पंडित सुंदरलाल समितीनं या फौजी कारवाईच्या, म्हणजे पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं गेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद आणि नांदेड सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत होते. तो अहवाल कितीतरी वर्षं दडपलेला राहिला, याचा मला आजही संताप येतो.

माझे चुलते भारताच्या शांतिसेनेतून श्रीलंकेला गेले होते. १९८७ च्या जुलैत करार झाला, तेव्हा तमिळ लोकांनी हार घालून स्वागत केलं. ऑक्टोबरात त्याच रस्त्यांवर तमिळ बंडखोरांचे सुरुंग फुटत होते. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर आपले अकराशेहून जास्त जवान गेले होते. काका त्याबद्दल फार बोलत नाहीत. लिबियात २०११ साली नागरिकांना वाचवायचं म्हणून विमानं गेली, तिथला हुकूमशहा गद्दाफी मारला गेला, आणि तीन वर्षांत तिथे दुसरी यादवी पेटली.

तरी मी "कदापि नाही" म्हणणार नाही. रवांडात १९९४ साली शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं कापली गेली. कत्तल चालू असतानाच सुरक्षा परिषदेनं तिथली शांतिसेना अडीच हजारांवरून २७० वर आणायचं ठरवलं. त्या माणसांचा कंदील विझलेला सगळ्यांना दिसत होता.

माझं मत असं : कत्तल थांबवायला जावं, गादीवर कुणाला बसवायला जाऊ नये. आणि गेलात तर जिंकल्यानंतरच्या आठवड्यात हरलेल्यांच्या दाराशीही पहारा द्यावा लागेल. तेवढी तयारी नसेल तर निघूच नये.

पुतण्यानं पहिलं वाक्य खोडलंय. पिंजाऱ्याचं भाषणात घालायचं की नाही, यावर घरात वाद चाललाय. दादा म्हणतो, सणाच्या दिवशी नको. मी म्हणते, त्याच दिवशी घाल.