सायड्लिट्झ, ७५ मिमी : टोपी झाली, कोट चालू

मंडळी, काम बरंच सरकलंय. चेहरा, टोपी आणि कोटाचे पहिले दोन हात झाले. घोडा अजून प्रायमरवरच उभा आहे.

नव्याने आलेल्यांसाठी : मूर्ती रेझिनची, विषय प्रशियन घोडदळाचा सेनानी फ्रीडरिश विल्हेल्म फॉन सायड्लिट्झ. खोक्यावर नुसतं 'सप्तवार्षिक युद्ध' छापलंय. रंगवणाऱ्याला ते कसं पुरणार? त्या सात वर्षांत हा माणूस कर्नलचा लेफ्टनंट जनरल झाला, दोन पदकं मिळवली, जबर जखमी झाला. म्हणून मी तारीखच धरली : ५ नोव्हेंबर १७५७, रॉसबाखची लढाई, दुपारचे साडेतीन. एकदा तारीख धरली की गळ्यात काय, छातीवर काय, टोपीला काय, हे सगळं त्याच्या सेवापुस्तकातून ठरतं.

गळ्यात 'पुर ल मेरीत' या प्रशियन शौर्यपदकाचा निळा क्रूस येतो, कारण तो त्याच वर्षी जूनमध्ये कोलिनच्या लढाईनंतर मिळाला. लढाई प्रशिया हरली होती, तरी याला मेजर जनरलची बढती आणि क्रूस दोन्ही मिळाले. 'ब्लॅक ईगल' या प्रशियाच्या सर्वोच्च सन्मानाचा छातीवरचा तारा मात्र नाही, तो रॉसबाख जिंकल्यावरचा. कीटमध्ये (खोक्यातल्या सुट्या भागांत) तारा कोटावरच कोरलेला होता. घासून सपाट केला आणि ती जागा पुट्टीने सारखी केली. टोपीचंही तसंच. जनरलच्या तिकोनी टोपीला कडेने पांढऱ्या शहामृगी पिसांची झालर असते, ती ठेवली. उभा पांढरा तुरा कापला, कारण कुरासिए (चिलखती जड घोडदळ) पथकांना तो १७६२ मध्ये मिळाला. तुऱ्यासकट रॉसबाखचा सायड्लिट्झ बरेच जण रंगवतात. दिसायला झोकदार दिसतो, पण पाच वर्षं आधीच.

चेहऱ्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. जन्म १७२१ चा, क्लेव्हजवळच्या काल्कारचा. म्हणजे या दुपारी तो छत्तीस वर्षांचा आहे. बाजारातल्या बहुतेक मूर्तींना पन्नाशीतला चेहरा असतो, तो डोक्यातून काढून टाका. पोरवयात श्वेटच्या माथेफिरू मार्गग्राफकडे (तिथला सरदार) पेज, म्हणजे पोरसवदा सेवक म्हणून राहिला. तिथे चालू पवनचक्कीच्या फिरत्या पात्यांमधून घोडा काढायचा म्हणे. त्या गोष्टीत मीठमसाला किती ते सोडा, पण चोविसाव्या वर्षी तो मेजर होता, हे खरं. म्हणून सुरकुत्या नाहीत. गालांवर थंडीची लाली, डोळ्यांखाली हलका जांभळट ग्लेझ (पातळ पारदर्शक थर), बस.

आता कोट. याला कोलर म्हणतात. पूर्वी चामड्याचा असे, या काळात जाड लोकरी कापडाचा. त्यामुळे चमक अजिबात नको. पांढऱ्यात ऑकर मिसळून सायीसारखा रंग आणला आणि सावल्या राखाडी-तपकिरीने दिल्या. सावलीला काळा घेतलात तर कोट मळका दिसतो, पिवळा वाढवलात तर पुन्हा चामडं. कापडाचा पोत यावा म्हणून शेवटचा हात ब्रशच्या टोकाने ठिपक्या-ठिपक्यांनी दिला. कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या गडद निळ्या, किनार चांदीची. हा ८ नंबरच्या कुरासिए रेजिमेंटचा गणवेश; सायड्लिट्झ आधीपासून याच रेजिमेंटमध्ये होता, आणि रॉसबाखनंतर ती त्याच्या नावाची झाली. कमरेचा रुपेरी पट्टा रंगवताना त्यात काळा धागा विसरू नका.

छातीचं चिलखत काळ्या रोगणाचं आणि फक्त पुढच्या बाजूला. पाठीवर नुसते पट्टे. निखळ काळा वापरलेला नाही. गडद निळसर राखाडीवरून सुरुवात करून वरच्या कडांवर आकाशाचा थोडा फिका रंग घेतला. नोव्हेंबरातला उतरता उजेड आहे, कडक चमक शोभणार नाही.

खरी गंमत हाताची. कीटमध्ये उगारलेली तलवार आहे. माझा सायड्लिट्झ मातीचा पाइप उंचावतोय. त्या दुपारी प्रशियाच्या राजाने, दुसऱ्या फ्रीडरिशने, ३८ स्क्वाड्रन (घोडदळाच्या तुकड्या) याच्या हाती दिले, तेही त्याच्याहून ज्येष्ठ जनरलना बाजूला ठेवून. जानुस टेकडीच्या आडून घोडदळ पुढे काढलं, आणि सांगतात की हल्ल्याची खूण म्हणून त्याने पाइप हवेत भिरकावला. माझ्या मते मात्र मोठेपणा पुढच्या घटकेतला आहे. फ्रेंच आणि पवित्र रोमन साम्राज्याचं घोडदळ उधळल्यावर त्याने आपली माणसं पाठलागावर मोकाट सोडली नाहीत. टागेवेर्बेनजवळच्या खोलगटात पुन्हा रांगेत आणली आणि मग पायदळाच्या बगलेवर घातली. सुमारे २२ हजार प्रशियन, समोर चाळीस हजारांवर, आणि दीड तासात निकाल. धावता घोडा थांबवणं धावण्याहून अवघड, हे अठराव्या शतकातल्या घोडदळात फार थोड्यांना जमलं. पण ते मूर्तीत दाखवायचं कसं? म्हणून पाइपच.

पाइपची नळी तांब्याच्या बारीक तारेची, वाटी एपॉक्सी पुट्टीची. मूठ उघडून बोटं नव्याने बसवली, तलवार म्यानात गेली. नळीला आधी मेटल प्रायमर द्या, नाहीतर पांढरा रंग तारेवर टिकत नाही.

वार्निश थांबवलंय. सध्याच्या दमट हवेत मॅट वार्निश पांढरट पडतं, आणि या कोटावर तो धोका मी पत्करणार नाही.

पुढचा सायड्लिट्झ त्सॉर्नडॉर्फचा, ऑगस्ट १७५८ : तारा येईल, तुरा अजून नाही. राजाचा हुकूम आला तरी योग्य क्षण येईपर्यंत हलायचं नाही, असा तो हट्टी सायड्लिट्झ. त्याआधी हा घोडा. अंग गडद तपकिरी ठरलंय. खोगिराखालच्या निळ्या कापडाची चांदीची किनार आधी रंगवून मग स्वार बसवावा, की बसवल्यावर रंगवावी? मांडीखाली ब्रश जात नाही आणि डिंकाचा डाग चांदीवर लगेच दिसतो. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.