खळ्याचे चार तुकडे

शाळेची आठवण लिहा म्हटलं की मला फळ्यावर काढलेलं एक खळं दिसतं. लांबी ८ १/४ मीटर, रुंदी ५ १/३ मीटर, तर सारवायचं किती? निम्म्या वर्गाचं उत्तर ४० १/१२. आठ पंचे चाळीस, पाव गुणिले तृतीयांश म्हणजे बारावा भाग, झालं! माझ्याकडे शिकायला येणारी मुलंही आज हेच करतात.

सर 'चूक' म्हणायचे नाहीत. खळ्यात एक उभी आणि एक आडवी रेघ मारायचे. आठाला पाव, पाचाला तृतीयांश जोडलेला, म्हणजे तुकडे चार पडले. मोठा ४०चा, कोपऱ्यातला इवलासा १/१२चा. मधल्या दोन पट्ट्या कोणी मोजल्याच नव्हत्या: ८ × १/३ = २ २/३ आणि ५ × १/४ = १ १/४. दोन्ही मिळून ३ ११/१२, म्हणजे जवळजवळ चार चौरस मीटर खळं बिनसारवलेलं. सगळं मिळवलं की नेमके ४४.

आकृती समजली की मग रीत. दोन्ही मापं अंशाधिक करा, म्हणजे अंश छेदापेक्षा मोठा: ३३/४ × १६/३. गुणायच्या आधी काटाकाट करा, ११ × ४ उरतं. जे आधी ५२८/१२ करून बसतात ते भागाकारात घसरतात.

शाब्दिक उदाहरणात खरा घात करतो तो 'उरलेल्या' हा शब्द. पाऊण एकर बागेच्या २/५ भागात माड, उरलेल्या जागेच्या १/३ भागात पोफळी. मोकळी जागा किती? एकराचे ४० गुंठे, म्हणून बाग ३० गुंठ्यांची. माड १२ गुंठ्यांत. आता १/३ घ्यायचा तो १८चा, ३०चा नव्हे. पोफळी ६, मोकळे १२. सगळ्या बागेचा तृतीयांश घेणारा ८ लिहितो आणि आकडा सुटसुटीत आल्यामुळे त्याला शंकाही येत नाही. 'च्या' दिसला की गुणाकार, पण कशाच्या, ते आधी अधोरेखित करा.

गुंठा ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. मग अर्धा गुंठा साडेसोळा बाय साडेसोळा? नाही. ते २७२ १/४ चौरस फूट, पाव गुंठाच. दोन्ही बाजू निम्म्या केल्या की क्षेत्र चौथाई होतं. अर्ध्यासाठी एकच बाजू निम्मी: ३३ × १६ १/२ = ५४४ १/२. हे कळायला जमीनमालक व्हावं लागत नाही, पण कुणग्याच्या, म्हणजे भातशेतीच्या लहान तुकड्याच्या, वाटणीला बसलेल्या मोठ्या माणसांनाही इथे अडखळताना पाहिलंय.

वाटणीत आणेवारीही येते, म्हणजे अख्खी जमीन सोळा आणे धरून हिस्से आण्यांत सांगणं. सोळा आण्यांपैकी आजोबांचा हिस्सा चार आणे, त्यांना वारस तीन. १/४ × १/३ = १/१२, म्हणजे, आण्याचे १२ पै धरून, प्रत्येकी १ आणा ४ पै. जमीन ३६ गुंठे असेल तर एकेकाला ३ गुंठे. ताळा सोपा: तिघांचे मिळून ९ गुंठे, म्हणजे ३६चा पाव भाग यायलाच हवा.