स्प्रिंग बूट ३ वर आल्यावर फॉर्मचं व्हॅलिडेशन चालेचना – माझा अनुभव

नाव रिकामं, ईमेल रिकामा, वय नाही, पत्ता नाही, आणि सबमिट दाबल्यावर सरळ 'नोंदणी झाली' असं पान. टेस्टिंग करणाऱ्या सहकाऱ्यानं हे दाखवलं तेव्हा मला आधी वाटलं त्याच्याकडे जुना बिल्ड असेल, म्हणून माझ्या मशीनवर करून बघितलं तर तेच, टेबलमध्ये रिकाम्या नोंदी पडलेल्या. आदल्याच आठवड्यात आम्ही प्रोजेक्ट स्प्रिंग बूट (जावात वेब ॲप बनवायचं फ्रेमवर्क) २.७ वरून ३ वर नेला होता, ॲप व्यवस्थित सुरू होत होतं, सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या आणि लॉगमध्ये या बाबतीत एक ओळसुद्धा नव्हती. मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो या शांततेचा. एक्सेप्शन आली की निदान कुठून सुरुवात करायची ते तरी कळतं.

आधी नेहमीचे संशयित बघितले. कंट्रोलरच्या (ब्राउझरची विनंती हाताळणाऱ्या क्लासच्या) मेथडमध्ये फॉर्मच्या आधी @व्हॅलिड, म्हणजे 'हा फॉर्म तपास' सांगणारं ॲनोटेशन, आहे का, आहे. चुका ज्यात जमा होतात तो बाइंडिंगरिझल्ट फॉर्मच्या लगेच नंतरचा पॅरामीटर आहे का (मध्ये मॉडेलसारखा दुसरा पॅरामीटर घुसला तर गडबड होते), तेही बरोबर. मग व्हॅलिडेशनचा स्टार्टर, म्हणजे त्यासाठी लागणाऱ्या लायब्रऱ्या एकत्र आणणारी डिपेंडन्सी. ही जागा बऱ्याच जणांना नडते, कारण बूट २.३ पासून, म्हणजे २०२० पासून, वेब स्टार्टरसोबत व्हॅलिडेशन आपोआप येत नाही, ते पॉममध्ये (मेव्हन या बिल्ड टूलच्या फाइलमध्ये) वेगळं लिहावं लागतं. आमच्याकडे तेही लिहिलेलं होतं आणि नियम प्रत्यक्ष तपासणारी लायब्ररी, हायबरनेट व्हॅलिडेटर ८, नीट येत होती.

मग सहज वयाच्या रकान्यात अक्षरं टाकून बघितली, आणि एरर आली! स्ट्रिंगचं इंटिजरमध्ये रूपांतर करता आलं नाही असा तो लांबलचक मेसेज. इथे जरा उजेड पडला. ब्राउझरकडून आलेली स्ट्रिंग फॉर्मच्या ऑब्जेक्टमध्ये भरणं हे बाइंडिंगचं काम, आणि भरून झालेल्या ऑब्जेक्टचे नियम तपासणं हे व्हॅलिडेशनचं काम, दोन्हीच्या चुका एकाच बाइंडिंगरिझल्टमध्ये जमा होतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो. पण रूपांतराची चूक व्हॅलिडेटर नसला तरी पकडली जाते. म्हणजे बाइंडिंग जिवंत होतं आणि नियमच कुणी वाचत नव्हतं.

आता व्हॅलिडेटरलाच विचारायचं ठरवलं. कंट्रोलरमध्ये व्हॅलिडेटर इंजेक्ट केला आणि गेटकन्स्ट्रेंट्सफॉरक्लास या मेथडला आमचा फॉर्मचा क्लास देऊन परत आलेल्या डिस्क्रिप्टरवर इझबीनकन्स्ट्रेंड (या क्लासवर काही नियम आहेत का) बघितलं. उत्तर आलं फॉल्स. डोळ्यांसमोर त्या क्लासवर पाच सहा @नॉटब्लँक, @साइज, @ईमेल दिसतायत आणि व्हॅलिडेटर म्हणतोय की यावर एकही नियम नाही. (ही मेथड मला आधी माहीत असती तर अर्धा दिवस वाचला असता, व्हॅलिडेशन चालत नसेल तर पहिल्या पाच मिनिटांत हेच करा असं मी आता सगळ्यांना सांगतो.)

तेव्हा कुठे आयडीईमध्ये मिटवलेले इम्पोर्ट उघडून बघितले. जावाएक्स.व्हॅलिडेशन. झालं, कळलं.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओरॅकलनं २०१७ मध्ये जावा ईई (मोठ्या ॲप्ससाठीचा जावाचा मानक संच, पुढे त्याचंच नाव जकार्ता ईई झालं) इक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं, पण जावाएक्स या नावाखाली पुढे बदल करायची परवानगी त्यात मिळाली नाही, त्यामुळे जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजची नावं जावाएक्सऐवजी जकार्ता झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ नं तीच नावं घेतली. आम्ही मुख्य प्रोजेक्टमध्ये हे बदल केले होते, अर्थात डोळे मिटून फाइंड रिप्लेस करता येत नाही कारण जावाएक्स.एसक्यूएल, जावाएक्स.क्रिप्टो ही पॅकेजं जेडीकेची, म्हणजे खुद्द जावाची आहेत, ती तशीच राहतात. पण फॉर्मचे क्लास वेगळ्या मॉड्यूलमध्ये, त्याची रिपॉझिटरी वेगळी, आणि त्याच्या पॉममध्ये जुनं व्हॅलिडेशन एपीआय २.० स्वतंत्रपणे लिहिलेलं. त्यामुळे तिथे कंपाइल मजेत होत होतं आणि नव्या व्हॅलिडेटरला ती जुनी ॲनोटेशन्स ओळखीचीच नव्हती, तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. एंटिटीवर (डेटाबेसच्या टेबलशी जोडलेल्या क्लासवर) जुनं जावाएक्स.पर्सिस्टन्स राहिलं असतं तर 'नॉट अ मॅनेज्ड टाइप' म्हणत ॲप सुरूच झालं नसतं. व्हॅलिडेशनमध्ये तसं होत नाही, अनोळखी ॲनोटेशन म्हणजे फक्त एक निरुपयोगी चिठ्ठी.

फॉर्मच्या क्लासमधले इम्पोर्ट बदलले, मॉड्यूल बिल्ड केलं, नाव आणि ईमेलच्या एरर दिसायला लागल्या, मी खूश. पण पत्ता अजूनही रिकामा जात होता! पत्त्याचा क्लास दुसऱ्या फाइलमध्ये, तिथे जुनंच राहिलेलं. तेव्हा ठरवलं की एकेक फाइल हातानं शोधत बसायची नाही, पॉममधून जुनं एपीआयच काढून टाकायचं म्हणजे कंपाइलरच बोंब मारेल. काढलं, तरी कंपाइल झालं. डिपेंडन्सी ट्री काढून बघितली तर दुसरी एक जुनी लायब्ररी तेच जार मागच्या दारानं आणत होती. तिच्यावर एक्सक्लूजन टाकलं, म्हणजे तिनं ते जार आणायचं नाही असं लिहिलं, आणि मग एकदाचं कंपाइल फुटलं, 'पॅकेज जावाएक्स.व्हॅलिडेशन डझ नॉट एक्झिस्ट', एकूण सात फाइल्स, आणि त्या लाल ओळी बघून मला जेवढं बरं वाटलं तेवढं आठवडाभर कशानंच वाटलं नव्हतं. मेव्हनच्या एनफोर्सर प्लगिनमध्ये बॅन्ड डिपेंडन्सीजचा नियम लावून ते जार दोन्ही प्रोजेक्टमध्ये बंद करून टाकलंय, आता ते कुठूनही आलं तर बिल्डच थांबतो.

राहिला प्रश्न टेस्टचा. आमच्या सगळ्या टेस्ट बरोबर भरलेला फॉर्म पाठवून तो सेव्ह होतो का तेवढंच बघत होत्या, चुकीचा फॉर्म नाकारला जातो का हे कुणी तपासलंच नव्हतं. म्हणून मॉकएमव्हीसीनं (सर्व्हर न चालवता कंट्रोलरला विनंत्या पाठवणारं स्प्रिंगचं टेस्टचं साधन) प्रत्येक फॉर्मला सगळे रकाने रिकामे पाठवणारी एक टेस्ट लिहिली, कुठल्या रकान्यावर एरर यायला हवी ते नावानिशी. सगळ्या पास झाल्या, मोबाइल नंबर सोडून. तिथे @नॉटनल लावलेलं होतं, आणि रिकामा सोडलेला टेक्स्ट बॉक्स नल म्हणून येत नाही, रिकामी स्ट्रिंग म्हणून येतो, त्यामुळे हा नियम बूट २.७ वरही कधी लागू पडलेलाच नव्हता. तो @नॉटब्लँक केलाय, आणि इतक्या दिवसांत नंबर न भरता सेव्ह झालेल्या नोंदी किती आहेत ते मोजायची क्वेरी आता चालवतोय.