एकवीस अंकांचा ताळा

दोनचा ६७वा घात वजा एक किती, याचं उत्तर फोनच्या कॅल्क्युलेटरने दाखवलं: १.४७५७३९५ आणि पुढे ई२०, म्हणजे गुणिले दहाचा विसावा घात. एकवीसपैकी शेवटचे तेरा अंक गिळून टाकले. मला तर तेच पाहायचे होते. शेवटी नातीची चौकटीची वही मागून घेतली.

ऑक्टोबर १९०३मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत गणिती फ्रँक नेल्सन कोल फळ्याशी गेले. एका बाजूला त्यांनी दोनचा ६७वा घात काढून त्यातून एक वजा केला, दुसऱ्या बाजूला एक गुणाकार मांडला. उत्तरं जुळली आणि अवाक्षर न काढता ते जागेवर जाऊन बसले, असं सांगतात. ही संख्या मूळ आहे, असं फ्रेंच गणिती मेर्सेनने १६४४मध्ये म्हटलं होतं. ती संयुक्त आहे हे ल्युका या फ्रेंच गणितीने १८७६मध्ये दाखवलं, पण अवयव हाती लागले नव्हते. ते कोलनी दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

दुपटीचं काम कंटाळवाणं, पण सोपं. ६४व्या पायरीला १८४४६७४४०७३७०९५५१६१६ आली (यातून एक काढला की बुद्धिबळाच्या पटावर घरागणिक दुप्पट करत ठेवलेले गोष्टीतले दाणे), तेव्हा हायसं वाटलं. आणखी तीन दुपटी, वजा एक: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७.

गुणाकाराला लहान संख्या खाली घेतली. तिच्यात सात तीनदा येतो, त्यामुळे सातची ओळ एकदाच करायची, ५३३२८६७८०१००९, आणि पुढे नुसती उतरवायची. एकच्या ओळी तर फुकटच. बेरीज केली, नवाचा ताळा (अंकांची बेरीज, एकच अंक उरेपर्यंत) पाहिला. दोन्ही अवयवांचा ताळा १, उत्तराचाही १. खूश झालो. मग अंक मोजले तर वीसच! एक अंक गेला कुठे?

तासभर हातचे तपासले. सगळे बरोबर. घोळ शून्याने घातला होता. खालच्या संख्येत मधे एक शून्य आहे. त्याची ओळ लिहायची नसते, पण जागा सोडावी लागते. मी ती सोडलीच नव्हती, म्हणजे गुणलं होतं १९३७७७२१ने. शून्य गाळलं तरी अंकांची बेरीज तीच राहते, मग नवाचा ताळा बिचारा काय करणार? अकराचा ताळा (११ने भागून उरणारी बाकी) पाहिला असता तर चोरी पकडली गेली असती: यायला हवा होता ६, माझ्या उत्तराचा येत होता ०. दुसऱ्या खेपेला एकवीसच्या एकवीस अंक जुळले.

मला खरी गंमत वाटली ती पुढची. या संख्येचा कोणताही मूळ अवयव १३४ने भागला तर बाकी १ उरते, आणि ८ने भागला तर १ किंवा ७. करून पाहिलं: १९३७०७७२० भागिले १३४ म्हणजे नेमके १४४५५८०. मोठा अवयवही या चाळणीतून जातो. पण चाळणी लावूनही लहान अवयवापर्यंत सुमारे सव्वासात लाख उमेदवार उरतात. कोलना तीन वर्षांचे रविवार लागले, अशी आख्यायिका आहे. एकेक भागून पाहायचं तर दर रविवारी साडेचार हजारांवर भागाकार झाले! तीन, पाच, सातने भागले जाणारे वगळले तरी दर रविवारचं काम हजारांतच राहतं. तेव्हा त्यांच्याकडे याहून बारीक चाळण्या होत्या हे उघड आहे. माझा मात्र अख्ख्या रविवारात एकच गुणाकार झाला.